दार उघडलं ते साल



आपल्या दिंडीच्या शंभर वर्षांचा सालवार तक्ता या अंकासाठी तयार झाला, तो मी दोनदा वाचला. कुणाच्या काळात तंबू घेतला, कुणी वीणा दिली, कोणत्या साली बैलगाडी जाऊन ट्रक आला, सगळं नीट लिहिलं आहे. पण १९४५ ते १९५० या पाच वर्षांपुढं एकच ओळ आहे : ‘वारी नियमित चालू होती.’ ओळ खोटी नाही. वारी चालूच होती. पण त्या पाच वर्षांत पंढरपुरात जे घडलं ते सातशे वर्षांत घडलं नव्हतं, आणि आपली दिंडी त्यात उभी होती. संपादक मंडळींनी मला कीर्तनपरंपरेवर लिहायला सांगितलं होतं. ते लिहिणारे शहाणे लोक पुष्कळ आहेत. मी चौथी शिकलेला माणूस, मला या पाच वर्षांवर लिहू द्या म्हणालो, आणि त्यांनी मोठ्या मनानं होकार दिला.

माझा जन्म यानंतरचा. त्यामुळं यातलं काही मी आजोबांच्या आणि वडिलांच्या तोंडून ऐकलेलं आहे, काही दिंडीच्या जुन्या हिशेबवहीत पाहिलेलं आहे, आणि बाकीचं गावातल्या गुरुजींनी वेळोवेळी आणून दिलेल्या पुस्तकांतून अक्षर अक्षर लावून वाचलेलं आहे.

मोठं युद्ध १९४५ च्या ऑगस्टात थांबलं. थांबलं म्हणजे लांब कुठंतरी थांबलं, इथं टंचाई तशीच राहिली. कापडाला रेशन, साखरेला रेशन, रॉकेलला रेशन. वडील सांगायचे, कंदिलाला तेल नाही म्हणून मुक्कामावर जागराचा हरिपाठ अंधारात व्हायचा, आणि त्यानं काही बिघडलं नाही, कारण हरिपाठ कुणाला वाचून म्हणायचा नव्हता. १९४६ मध्ये मुंबई इलाख्यात निवडून आलेलं काँग्रेसचं सरकार पुन्हा बसलं, बाळासाहेब खेर मुख्य झाले. स्वराज्य येणार हे सगळ्यांना कळलं होतं. फक्त कधी आणि कसं, हे कळायचं होतं.

आता हे कळायचं कशानं, ते आधी सांगतो, कारण आजच्या पोरांना ते सांगितल्याशिवाय पुढचं उमगायचं नाही. खेड्यात रेडिओ नव्हता. पुण्याचं आकाशवाणी केंद्रच १९५३ साली सुरू झालं. त्याआधी मुंबईचं केंद्र होतं, पण ते ऐकायचं यंत्र तालुक्याला एखाद्या सावकाराकडं. युद्धात कागदाची चणचण झाली, ती मागाहूनही सुटेना, म्हणून वर्तमानपत्रं पातळ झालेली. ‘सकाळ’ किंवा ‘केसरी’चा एखादा अंक दोन-चार दिवसांनी गावात यायचा, आणि पारावर एकजण वाचायचा, वीसजण ऐकायचे. म्हणजे बातमी ही त्या काळात ऐकायची गोष्ट होती, वाचायची नव्हती. आणि ऐकवणारे कोण? शाहीर, तमासगीर, वासुदेव, आणि आपण कीर्तनकार.

हे राजकारणातल्या माणसांनी बरोबर हेरलं होतं. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं आणि डफावर थाप मारून गिरणीकामगाराचं, कुळाचं गाऱ्हाणं मांडायला सुरुवात केली. तिकडं विदर्भात तुकडोजी महाराज खंजिरी वाजवून भजनातून गाव जागवत होते. बेचाळीसच्या चळवळीत त्यांना त्याच भजनांपायी तुरुंग झाला. राष्ट्र सेवा दलाची पोरं गाणी म्हणत गावोगाव हिंडत होती. तंबूतला सिनेमा जत्रेला यायचा, त्यात प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ पुन्हा पुन्हा लागायचा, आणि म्हातारी माणसं तंबूच्या दाराशी चपला काढून आत शिरायची. आमची आजी पडद्यावरच्या तुकोबांना हात जोडायची. असा तो काळ. कोण राजकारण करतंय, कोण कला दाखवतंय आणि कोण बातमी देतंय, याच्या वेगवेगळ्या खोल्या तेव्हा पाडलेल्या नव्हत्या.

अशा वेळी साने गुरुजी उठले.

गुरुजी अमळनेरचे शिक्षक. ‘श्यामची आई’ लिहिणारे म्हणून सगळ्यांना ठाऊक. वारकऱ्यांना त्यांची दुसरी एक ओळख पाहिजे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचन केलं. ती अठरा प्रवचनं ज्यांनी ऐकता ऐकता उतरून घेतली, ते साने गुरुजी. आज आपण ‘गीता प्रवचने’ हातात घेतो ती त्यांच्या बोटांमुळं. म्हणजे हा माणूस आपल्या परंपरेबाहेरचा नव्हता. कुणी पुढारी देवळावर चालून आला, असं जे त्या वेळी काही बुवांनी सांगितलं, ते मला पटत नाही.

त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं. देश स्वतंत्र होणार. पण पंढरीच्या पांडुरंगाच्या देवळात अस्पृश्य म्हटलेल्या माणसाला पाऊल टाकता येत नसेल, तर ते स्वातंत्र्य कुणाचं? १९४६ च्या कार्तिकी एकादशीला उपोषण सुरू करायचं त्यांनी ठरवलं. मित्रमंडळींनी गळ घातली की आधी सहा महिने लोकांत जा, लोकमत तयार करा, मग बसा. गुरुजींनी ऐकलं, आणि कार्तिकीपासून चैत्रापर्यंत हा माणूस महाराष्ट्रभर हिंडला. बरोबर सेनापती बापटांसारखी वडीलधारी माणसं, सेवा दलाची तरुण मुलं, त्यांची गाणी. ज्या गावात जातील तिथं सभा, आणि सभेनंतर गावातलं देऊळ, गावातली विहीर मोकळी करायची विनंती. पुष्कळ गावांनी केली. काही गावांनी गुरुजी असेतोवर केली आणि पाठ वळल्यावर पुन्हा कुलूप घातलं, हेही खरं आहे. इतिहास लिहायचा तर तेवढं लिहिलं पाहिजे.

मला या दौऱ्याचं मोठं नवल वाटतं ते असं, की ती एक उलटी वारी होती. आपण गावांतून निघून पंढरीला जातो. हा माणूस पंढरीचं दार घेऊन गावागावांत गेला.

आता पंढरपुराची बाजू. नव्या पिढीला वाटतं की पंढरीचं देऊळ कायमच असं सरकारी समितीचं होतं. तसं नव्हतं. विठोबाकडं बडव्यांचा, रुक्मिणीकडं उत्पातांचा वंशपरंपरेचा अधिकार. शिवाय पुजारी, बेणारे, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे असे सेवाधारी, ज्याचा त्याचा हक्क वेगळा. एकानं हो म्हणून दार उघडत नव्हतं. आणि विठोबाचं वैशिष्ट्य काय, तर देवाच्या पायावर डोकं ठेवता येतं. दुसऱ्या देवळांत लांबून दर्शन, इथं पदस्पर्श. त्यामुळं इथं भांडण नुसतं दारातून आत यायचं नव्हतं. देवाच्या पायाला कुणाचं कपाळ लागणार, याचं होतं.

महाद्वारात नामदेव पायरी आहे, आणि तिच्या समोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असता भिंत कोसळून चोखोबा गेले, नामदेवरायांनी त्यांची हाडं आणून महाद्वारी ठेवली, ही कथा आपण कीर्तनात शेकडो वेळा सांगतो. मीच सांगितली असेल. श्रोते रडतात. पण चोखोबांच्या जातीच्या वारकऱ्याची वारी त्या समाधीपाशीच संपत होती, हे मात्र कथेत कुणी सांगत नव्हतं. सहाशे वर्षं तो माणूस तिथून कळसाला हात जोडून परत फिरला. अभंग चोखोबांचा, टाळ आपला, आणि पायरीच्या आत कोण जाणार हे आधीच ठरलेलं.

उपोषणाला गुरुजींना पंढरपुरात जागा मिळेना. शेवटी तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. ही गोष्ट आपल्या संप्रदायानं सोन्याच्या अक्षरांनी लिहून ठेवावी. गावचा रोष पत्करून एका कीर्तनकारानं दार उघडं ठेवलं, म्हणून पुढं देवळाचं दार उघडण्याची गोष्ट झाली. १ मे १९४७ ला उपोषण सुरू झालं. पंढरपुरात उलट्या घोषणा होत होत्या, की साने, चंद्रभागेपलीकडं चालते व्हा, विठ्ठलाचं दार उघडायचं नाही.

मध्येच एक अवघड गोष्ट झाली. गांधीजींची तार आली की उपोषण सोडा. त्यांच्या कानावर गेलं होतं ते वेगळं होतं : मुंबई सरकार मंदिरप्रवेशाचा कायदा करतंच आहे, मग उपोषण कशाला? ज्या महात्म्याला गुरुजी दैवत मानत, त्याचीच आज्ञा. गुरुजींनी नम्रपणे नाही म्हटलं. कायदा होईल, पण मन उघडायला हवं, असं त्यांचं धोरण होतं. इथं मला आपल्या परंपरेतली पुष्कळ माणसं आठवतात, ज्यांनी गुरूचं नमन करून गुरूचं म्हणणं बाजूला ठेवलं.

मग दादासाहेब मावळंकर, म्हणजे दिल्लीच्या कायदेमंडळाचे अध्यक्ष, मध्यस्थीला आले. ते बडव्यांशी बोलले, गुरुजींशी बोलले, गांधीजींनाही खरी हकिकत कळली. बडवे मंडळी तयार झाली आणि १० मे ला, दहाव्या दिवशी, उपोषण सुटलं. त्याच १९४७ साली मुंबई इलाख्याचा हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. पुढं १९५० च्या जानेवारीत राज्यघटना लागू झाली आणि अस्पृश्यताच बेकायदा ठरली.

कागदावर हे एवढंच आहे. पण आपल्या माणसांत काय झालं, ते कागदावर नाही.

कीर्तनकारांत सरळ दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं असं : आपले संत भेद मानत नव्हतेच, वाळवंटात काल्याच्या दिवशी सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतात, मग हा कायदा आणि उपोषण कशाला? दुसरं म्हणणं : आज सरकारनं दाराला हात घातला, उद्या सगळं देऊळच ताब्यात घेईल. यातलं दुसरं म्हणणं पुढं खरं ठरलं. १९७३ साली पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला, बडव्या-उत्पातांचे हक्क गेले, आणि खटला चालत चालत २०१४ साली सुप्रीम कोर्टात कायमचा मिटला. ते खरं ठरलं याचं मला वाईट वाटत नाही. दर्शनबारीत ज्यांनी जुने दिवस काढलेत त्यांना विचारा.

पहिलं म्हणणं मात्र मला कधीच पचलं नाही. वाळवंटात गळ्यात पडलो हे खरं. पण त्याच दिवशी जेवायला कसे बसलो? या काळातच इरावतीबाई कर्वे आपल्या वारीत चालल्या. पुण्याच्या मोठ्या विदुषी. त्यांचा ‘वाटचाल’ नावाचा लेख १९४९ च्या ‘परिपूर्ती’ पुस्तकात आहे. गुरुजींनी तो मला वाचून दाखवला तेव्हा मी खाली मान घालून ऐकला. बाईंनी वारीवर जीव लावून लिहिलं आहे, आणि त्यातच लिहिलं आहे की एका दिंडीत चालणारे लोक जेवणाला जातीजातीनं वेगळे बसतात. दिवसभर एका तोंडानं अभंग म्हणायचा आणि संध्याकाळी पंगत वेगळी. बाहेरच्या बाईला एका वारीत दिसलं, ते आपल्या फडावरच्या बुवांना जन्मभर दिसलं नाही.

काही सनातनी मंडळींनी तर विठ्ठलाच्या मूर्तीतलं देवपण मंत्र म्हणून घागरीत काढून घेतलं आणि त्या घागरीची पूजा मांडली. देऊळ बाटलं म्हणून काही वारकरी पुढं आत गेलेच नाहीत. पंढरीला यायचे, कळसाचं दर्शन घ्यायचे आणि परतायचे. आता हे बघा. सहाशे वर्षं ज्यांना कळसावर भागवायला लावलं, ते आत गेले, आणि ज्यांनी भागवायला लावलं ते कळसाला हात जोडून उभे राहिले. घागरीबद्दल आमचे आजोबा एवढंच म्हणायचे, ‘घागरीत मावतो तो विठोबा आपल्या वळखीचा न्हाई.’

पण गुरुजींचा जयजयकार करून इथंच थांबलो तर अर्धीच गोष्ट होईल. ज्यांच्यासाठी दार उघडलं, त्यांचं काय म्हणणं होतं?

बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरापुढं सत्याग्रह करून पाहिला. पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. १९३५ साली येवल्याला त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मी मरणार नाही. म्हणजे पंढरीचं दार उघडायच्या बारा वर्षं आधी त्यांनी दाराकडं पाठ केली होती. आणि ही पाठ त्यांनी सहज केली नव्हती हो. त्यांच्या १९२० च्या ‘मूकनायक’ पत्राच्या डोक्यावर तुकोबांचा अभंग असायचा. नंतरच्या ‘बहिष्कृत भारत’वर ज्ञानोबारायांच्या ओव्या असायच्या. १९४८ साली त्यांनी अस्पृश्य कोण, यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला. उपोषणाच्या दुसऱ्याच वर्षी! देवळाचा नाद सोडलेल्या माणसानं चोखोबांना सोडलं नव्हतं. आपण मात्र देऊळही धरून होतो आणि चोखोबांना पायरीवर ठेवून होतो.

त्यामुळं दार उघडलं तेव्हा पुष्कळजण आलेच नाहीत. जे आले ते म्हातारे, ज्यांच्या गळ्यात माळ होती. तरुण म्हणायचे, आता आम्हाला देऊळ नको, शाळा पाहिजे, जमीन पाहिजे. गाडगेबाबांना हे फार आधी कळलं होतं. त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, कारण ज्याला देवळात जागा नाही त्याला पावसात निदान छप्पर हवं. पुढं ती धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली.

पुढच्या जानेवारीत गांधीजींचा खून झाला आणि आपल्या भागात ब्राह्मणांची घरं जळाली. ज्या गावांनी वर्षापूर्वी गुरुजींच्या सभेत हात वर केले होते, त्यांतलीही काही जळणाऱ्या घरांपुढं गप्प उभी राहिली. गुरुजींनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं. १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक काढलं, ते आजही चालू आहे. ११ जून १९५० ला ते गेले. त्याच साली चोखोबांवर ‘जोहार मायबाप’ बोलपट आला, पु. ल. देशपांड्यांनी त्यात काम केलं होतं. तीन वर्षांनी अत्र्यांनी ‘श्यामची आई’ काढला आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. लोक तंबूत बसून रडले. रडायला आपली माणसं कधी कमी पडत नाहीत.

आता आपली दिंडी. हिशेबवहीत १९४६ पर्यंत मुक्कामाच्या जेवणाची दोन कलमं आहेत : ‘पंगत’ आणि ‘बाहेरली पंगत’. गावाच्या त्या वेळच्या महारवाड्यातली सात-आठ माणसं आपल्या दिंडीमागं, थोडं अंतर ठेवून चालायची. त्यांच्यात एक मृदंग वाजवणारा होता. वडील सांगायचे, त्याच्या हातासारखा हात त्यांनी पुन्हा ऐकला नाही. दिंडीतला पखवाजी आजारी पडला की कीर्तनाला त्याला बोलवायचे, पण तो मांडवाच्या कडेला बसून वाजवायचा. आजोबा तेव्हा वीणेकरी होते. उपोषणानंतर मुक्कामावर मोठी भांडणं झाली, दोन घरं दिंडी सोडून दुसऱ्या फडाला गेली. त्या मृदंगवाल्याला मांडवात मधे बसवायचं की नाही, यावर एक अख्खी रात्र गेली, आणि सकाळी आजोबांनी वीणा गळ्यातून काढून खाली ठेवली : तो मधे बसल्याशिवाय मी वीणा घेणार नाही. तो मधे बसला. पंगतीला मात्र आणखी सहा वर्षं लागली. वहीत १९५३ पासून एकच कलम आहे.

आणि त्यानंतर तीनच वर्षांनी बाबासाहेबांनी नागपुरात धम्म घेतला. आमच्या गावातली ती सगळी घरं बौद्ध झाली. तो मृदंगवाला आजोबांना भेटायला घरी आला, ओसरीवर बसला, चहा घेतला. म्हणाला, ‘आण्णा, आता माझ्याच्यानं यायचं व्हणार न्हाई.’ आजोबांनी का म्हणून विचारलं नाही. त्याची नातवंडं आज पुण्याला मोठ्या हुद्द्यांवर आहेत, गावी आली की भेटतात, आणि त्यांच्या घरात तो मृदंग अजून भिंतीला आहे. पुड्या नव्या घातलेल्या आहेत.

या अंकात आपल्या दिंडीच्या मृदंगवादकांची यादी छापायची आहे. तिचा कच्चा कागद मी पाहिला, त्यात अकरा नावं आहेत. बारावं नाव मी संपादकांना लिहून दिलं आहे, वर्षांसकट, आणि ते कालक्रमानं चौथ्या जागी घालावं, शेवटी तळटीप म्हणून नको, असंही सांगितलं आहे. घरच्यांना विचारलं. नातू म्हणाला, ‘घाला, आजोबांचं नाव नुसतं लिहा, पुढं ह.भ.प. लावू नका.’ ते मी कबूल केलं आहे.